बुऱ्हाणपूरचा अर्ज

तापी नदीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. २००३ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. महाराष्ट्राला मात्र ते कधीच परके नव्हते. जळगाव आणि बुलढाणा या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या जिल्ह्याला भिडतात, आणि खानदेशच्या जुन्या राज्याची ती राजधानीच होती. या शहरातील शेख, उलेमा आणि प्रतिष्ठित नागरिक यांनी इ. स. १६८१ च्या प्रारंभी दिल्लीच्या बादशहाकडे एक अर्ज पाठविला. त्याची हकीकत खाफी खान या इतिहासकाराने आपल्या ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ या ग्रंथात नमूद केली आहे. मराठ्यांनी शहराचे उपनगर लुटले, मुसलमानांची मालमत्ता व अब्रू धोक्यात आली, बादशाही सरदारांकडून रक्षण झाले नाही, तेव्हा यापुढे शुक्रवारची सामुदायिक प्रार्थना बंद पडेल, असा त्या अर्जाचा आशय होता.

वरवर पाहता ही भयभीत नागरिकांची तक्रार वाटते. एखाद्या शहराने प्रार्थना बंद करण्याची भाषा केली, तर त्यात बादशहाने अस्वस्थ होण्यासारखे काय होते? परंतु त्या काळच्या राज्यपद्धतीत शुक्रवारच्या प्रार्थनेला निव्वळ धार्मिक अर्थ नव्हता. त्या प्रार्थनेच्या वेळी खुतबा म्हणजे प्रवचन वाचले जाई, आणि त्यात राज्यकर्त्या बादशहाचे नाव घेतले जाई. आपल्या नावाचे नाणे पाडणे आणि आपल्या नावाने खुतबा वाचविणे ही सार्वभौमत्वाची दोन चिन्हे मानली जात. खुतबा थांबला की त्या शहरापुरती बादशहाची सत्ता अमान्य झाली, असा त्याचा अर्थ होई. बुऱ्हाणपूरच्या उलेमांनी हाती शस्त्र घेतले नव्हते. ज्या धर्मशास्त्राच्या आधारावर बादशहाने आपले सिंहासन उभे केले होते, त्या शास्त्राचे रखवालदार आपण आहोत, एवढीच आठवण त्यांनी करून दिली होती.

धर्मातील सनातनी वृत्ती राजकारणात शिरली म्हणजे काय होते, याविषयी पुष्कळ बोलले जाते. बहुधा त्यात एका पक्षाची निंदा आणि दुसऱ्याची स्तुती असते. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात हाच प्रश्न पायरीपायरीने उलगडलेला दिसतो, आणि म्हणून तो स्वस्थ चित्ताने पाहण्यासारखा आहे.

या शहराचे नावच एका साधुपुरुषावरून पडलेले आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखान याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसविले, आणि शेख बुऱ्हानुद्दीन गरीब या चिश्ती पंथाच्या सत्पुरुषाचे नाव त्याला दिले. नदीच्या पलीकडच्या तीरावरील वस्तीला त्यांचे उत्तराधिकारी शेख झैनुद्दीन यांच्या नावावरून झैनाबाद म्हणू लागले. या दोघांच्याही समाध्या दौलताबादेजवळ खुलताबाद येथे आहेत. फारुकी राजे आपली वंशपरंपरा थेट खलिफा उमर यांच्याशी जोडीत. त्यांची धर्मनिष्ठा उघड होती, आणि ती लपविण्याचे त्यांना कारणही नव्हते.

याच घराण्यातील राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने बांधविलेली जामा मशीद आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. तिच्या आतील अरबी शिलालेखाशेजारी एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो, आणि मशिदीच्या निर्मितीचा काळ विक्रम संवत १६४६, शके १५११ असा देतो. इसवी सनाप्रमाणे तो १५९० चा प्रारंभ होय. ज्या मशिदीत राजा स्वतः नमाज पढणार, तिच्या भिंतीवर प्रजेच्या पंचांगाप्रमाणे आणि प्रजेच्या विद्वानांच्या भाषेत काळ कोरला जावा, ही गोष्ट लहान नव्हे. आदिलशाहाने आपला धर्म सोडला नव्हता, की पातळही केला नव्हता. आपल्या राज्यात आपल्याहून निराळ्या श्रद्धेची माणसे राहतात, आणि तीही ही वास्तू पाहणार आहेत, एवढे भान त्या लेखात दिसते.

१६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या राज्यात सामील झाला. अकबराने १५६४ मध्येच जिझिया रद्द केलेला होता. त्यामुळे मोगल अंमलाची पहिली पाऊणशे वर्षे बुऱ्हाणपूरने तो कर पाहिला नाही. ही वर्षे शहराच्या भरभराटीची होती. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणण्याची योजना झाली. खुनी भंडारा किंवा कुंडी भंडारा या नावाने ती अजून ओळखली जाते. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि पोलंडपर्यंत जात असे, असे टॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. कापड विणणारे, ते रंगविणारे, त्यावर जर चढविणारे आणि त्याच्या हुंड्या वटविणारे लोक अनेक धर्मांचे आणि जातींचे होते. शहराची श्रीमंती या सर्वांच्या एकत्र राबण्यावर उभी होती.

याच शहरात १६५८ च्या फेब्रुवारीत शाहजादा औरंगजेब सैन्यासह येऊन राहिला. बाप शाहजहान आजारी होता, थोरला भाऊ दारा शुकोह दिल्लीदरबारी प्रबळ झाला होता, आणि गादीसाठी युद्ध अटळ होते. बुऱ्हाणपुरात त्या वेळी शेख बुऱ्हान नावाचे शत्तारी पंथाचे वृद्ध सूफी राहत. राजेलोकांच्या भेटी त्यांना आवडत नसत. औरंगजेब त्यांच्याकडे आशीर्वादासाठी गेला. दाराने शास्त्राचा मार्ग सोडला आहे आणि आपण धर्मरक्षणासाठी निघालो आहोत, असे त्याने सांगितले. खाफी खानाने दिलेल्या हकिकतीप्रमाणे शेखांनी त्यावर उत्तर दिले ते असे की, आमच्यासारख्या फकिरांच्या प्रार्थनेने काय होणार? न्यायाने राज्य करण्याचा संकल्प करून तुम्हीच प्रार्थना करा, आम्ही तिच्यात हात जोडू. या उत्तरातील मर्म सूक्ष्म आहे. शाहजाद्याला धर्माच्या नावाने विजयाचा दाखला हवा होता. शेखांनी त्याच्यापुढे न्यायाची अट ठेवली आणि दाखला मात्र हातात दिला नाही.

परंतु सर्वच धर्मवेत्ते शेख बुऱ्हान नव्हते. लढाया जिंकून औरंगजेबाने आग्र्यात शाहजहानला कैदेत ठेवले, आणि राज्यारोहणाची वेळ आली तेव्हा शास्त्राचा अडथळा उभा राहिला. बाप जिवंत असता मुलाच्या नावाने खुतबा वाचता येणार नाही, असे मुख्य काझीने सांगितले. तेव्हा गुजरातचा अब्दुल वहाब नावाचा काझी पुढे आला. शाहजहान वार्धक्याने राज्य चालविण्यास असमर्थ झाला आहे, तेव्हा पुत्राचे राज्यारोहण शास्त्रसंमत आहे, असा निर्णय त्याने दिला. बादशहाची अडचण दूर झाली आणि अब्दुल वहाब साम्राज्याचा मुख्य काझी झाला. तलवारीने मिळविलेल्या गादीला धर्मशास्त्राचा आधार मिळाला खरा, पण त्याच घडीला एक ऋणही उत्पन्न झाले. ज्याच्या शब्दाने राज्य वैध ठरते, त्याच्या शब्दाने ते अवैधही ठरू शकते.

औरंगजेब वैयक्तिक आचरणाने धर्मनिष्ठ होता, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. राज्यकारभार हनफी शास्त्राप्रमाणे चालावा, यासाठी त्याने निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेले निर्णय एकत्र करविले. हाच ‘फतावा-इ-आलमगिरी’ नावाचा ग्रंथ. तो सिद्ध करणाऱ्या विद्वानांच्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचेच. या कामी सुमारे दोन लक्ष रुपये खर्च झाला. विद्वत्तेचे कार्य म्हणून या ग्रंथाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही त्याचा आधार घेतला. प्रश्न ग्रंथाचा नव्हताच. साम्राज्यातील बहुसंख्य प्रजेचा धर्म ज्या ग्रंथाच्या बाहेर आहे, तो ग्रंथ राज्याचा पाया मानला की त्या प्रजेचे राज्यात स्थान कोणते, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर २ एप्रिल १६७९ रोजी मिळाले. अकबराने रद्द केलेला जिझिया त्या दिवशी पुन्हा लागू झाला. मुसलमानी राज्यात राहणाऱ्या इतर धर्मीयांनी राज्याकडून मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल आणि लष्करी सेवेतून मिळणाऱ्या सुटीबद्दल द्यावयाचा हा कर, अशी त्याची शास्त्रीय उपपत्ती होती. स्त्रिया, मुले, वेडे, आंधळे आणि भिकारी यांना तो माफ होता. इतरांच्या तीन प्रती केलेल्या होत्या आणि त्यांना वर्षाला अनुक्रमे १२, २४ आणि ४८ दिरहम द्यावे लागत. रुपयांत सांगावयाचे तर सर्वांत खालच्या माणसाला सुमारे सव्वातीन रुपये आणि सर्वांत वरच्याला सुमारे सव्वातेरा रुपये. अकुशल मजुराची एका महिन्याची मजुरी साधारणपणे खालच्या दराइतकी असे. म्हणजे मागावर बसणाऱ्या गरीब विणकराचा एक महिना या करात जाई, आणि लक्षावधीचा व्यवहार करणारा सराफ सव्वातेरा रुपयांत मोकळा होई. कर धर्मावर बसविलेला होता, पण त्याचे ओझे गरिबीवर पडत होते.

दिल्लीत या कराविरुद्ध लोक हजारोंच्या संख्येने जमले. बादशहा शुक्रवारी मशिदीकडे निघाला असता त्यांनी वाट अडविली, आणि अखेर गर्दीतून हत्ती घालून वाट मोकळी करण्यात आली. शिवाजी महाराजांच्या नावाचे, जिझियाचा निषेध करणारे फारसी पत्र महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. बादशहाने हे पाऊल का उचलले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. यदुनाथ सरकारांच्या मते त्यामागे धर्मनिष्ठेची प्रेरणा होती. सतीशचंद्रांनी राजकीय कारणांवर भर दिला आहे. राज्यापुढे संकटे वाढत असता सनातनी वर्गाला आपल्या पाठीशी उभे करणे बादशहाला आवश्यक वाटले, आणि जिझियाच्या स्वतंत्र खात्यामुळे त्या वर्गातील अनेकांची उपजीविकेची सोयही झाली, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध असलीच पाहिजेत असे नाही. श्रद्धा आणि सोय एकाच दिशेला ओढू लागली म्हणजे माणसाला थांबविणारे काहीच उरत नाही.

आता १६८१ सालाकडे वळावयाचे. त्या वर्षाच्या जानेवारीत दोन घटना घडल्या. पहिली राजपुतान्यात. औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर याने राजपुतांच्या साहाय्याने बंड केले आणि स्वतःला बादशहा म्हणून घोषित केले. त्याच्या छावणीतील चार मुल्लांनी निर्णय दिला की, औरंगजेबाने इस्लामच्या शास्त्राचा भंग केला असल्यामुळे त्याचा गादीवरील हक्क नष्ट झाला आहे. ज्या बादशहाने शास्त्रासाठी ग्रंथ रचविला आणि शास्त्रासाठी कर बसविला, त्याच्यावर शास्त्रभंगाचा आरोप यावा, आणि तो शास्त्रवेत्त्यांच्याच मुखातून यावा! तेवीस वर्षांपूर्वी बापाविरुद्ध जो उपाय त्याने योजिला, तोच मुलाने त्याच्याविरुद्ध योजिला होता. हे बंड फसले. परंतु शास्त्राचा दाखला ही कोणा एकाची मिरास नव्हे, ज्याच्याजवळ छावणी आहे त्याला तो मिळू शकतो, ही गोष्ट त्यात उघडी पडली.

दुसरी घटना बुऱ्हाणपुरात घडली. जानेवारीच्या अखेरीस मराठ्यांची फौज अकस्मात शहरावर आली. तटाबाहेरील बहादूरपुरा हे उपनगर सावकार, सराफ आणि जवाहिरे यांच्या दुकानांनी भरलेले होते. तीन दिवस लूट चालली. शहराचा बंदोबस्त पाहणारा काकरखान दरवाजे लावून आत बसला. बाहेर पडून सामना देण्याइतके बळ त्याच्यापाशी नव्हते. औरंगाबादेहून खानजहान बहादूर निघाला, पण तो वेळेवर पोहोचला नाही, आणि मराठे लूट घेऊन साल्हेरच्या वाटेने निघून गेले. बहादूरपुऱ्याच्या रहिवाशांच्या वाट्याला आलेली ही आपत्ती भयंकर होती, आणि मराठ्यांच्या पराक्रमाचे वर्णन करताना ती विसरणे न्यायाचे होणार नाही. लुटलेल्या घरांना लुटारूच्या ध्वजाचा रंग पाहून समाधान मिळत नसते.

या पार्श्वभूमीवर तो अर्ज गेला. त्यात मुसलमानांच्या मालमत्तेचा आणि अब्रूचा उल्लेख होता. लुटल्या गेलेल्या बाजारपेठेत हिंदू आणि जैन सावकारही होते. दोन वर्षांपासून ते जिझिया भरीत होते, आणि जिझिया तर संरक्षणाचे मोल म्हणून घेतला जात होता. ज्यांनी संरक्षणाची किंमत वेगळी मोजली, त्यांचेही संरक्षण झाले नव्हते. परंतु शुक्रवारचा खुतबा त्यांच्या हाती नव्हता, आणि म्हणून त्यांच्या तक्रारीला तसे वजन येणे शक्य नव्हते. एकाच शहरातील, एकाच दिवशी लुटल्या गेलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकापाशी बादशहाला विचलित करणारे साधन होते आणि दुसऱ्यापाशी केवळ कराची पावती होती. राज्य आणि धर्मशास्त्र एकरूप झाले की नागरिकत्वाचे असे दोन भाव होतात.

अर्ज पोहोचताच बादशहाने खानजहानला कडक शब्दांत लिहिले आणि स्वतः दक्षिणेत उतरण्याचा निश्चय बोलून दाखविला. दक्षिणेच्या स्वारीचे हेच एकमेव कारण, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बंडखोर शाहजादा अकबर पुढे संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, हे अधिक मोठे कारण होते. परंतु बुऱ्हाणपूरच्या अर्जाने बादशहाच्या प्रतिष्ठेवर बोट ठेवले यात संशय नाही. १३ नोव्हेंबर १६८१ रोजी औरंगजेब बुऱ्हाणपुरात दाखल झाला, आणि पुढील वर्षाच्या मार्चमध्ये तेथून औरंगाबादेस गेला. त्यानंतर पंचवीस वर्षे तो जगला, पण उत्तरेत परत गेला नाही.

आणि ज्या शहराला संरक्षण देण्यासाठी तो आला, त्या शहराला काय मिळाले? १६८२ च्या सुमारास मीर अब्दुल करीम नावाच्या अंमलदाराकडे बुऱ्हाणपूरच्या जिझियाची वसुली सोपविण्यात आली. पूर्वी सबंध शहराची वसुली वर्षाला २६,००० रुपये होती. या अंमलदाराने केवळ अर्ध्या शहरातून, तेही काही महिन्यांत, तिच्या चौपटीहून अधिक रक्कम जमा केली. लुटीतून नुकत्याच सावरणाऱ्या बाजारपेठेवर ही दुसरी आपत्ती कोसळली. पहिल्या वेळी निदान शहराचे दरवाजे लावून घेता आले होते. वसुलीचा अंमलदार तर दरवाजाच्या आतच होता. कर भरणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणते विचार आले असतील, याचा तर्क करणे कठीण नाही. संरक्षणासाठी म्हणून घेतलेला कर तीच प्रजा राज्यापासून दूर लोटीत होता. अखेर १७०४ मध्ये, दुष्काळ आणि मराठ्यांच्या युद्धामुळे, दक्षिणेतील जिझिया औरंगजेबालाच तहकूब करावा लागला. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १७१३ मध्ये, फर्रुखसियरने तो रद्द केला. १७१७ मध्ये पुन्हा बसविला. आणि १७२० मध्ये मुहम्मदशहाने तो पुन्हा रद्द केला. शास्त्राची आज्ञा म्हणून आलेला कर दरबारातील गटांच्या चढउताराबरोबर वर-खाली होऊ लागला.

राज्याची हानी झाली ती अशी. धर्माची हानी झाली ती याहून कमी दिसते, पण ती अधिक खोल आहे. मुख्य काझी झालेल्या अब्दुल वहाबाने पदावर असताना अमाप संपत्ती जमविली. काझीचे पद न्यायासाठी असते, आणि राज्यकर्त्याला सोयीचा निर्णय देऊन जे पद मिळाले, त्याच्याकडून निराळे काही होण्याची आशाही नव्हती. त्याचा मुलगा शेख-उल्-इस्लाम मात्र निराळ्या धातूचा होता. बापाच्या संपत्तीतील आपला वाटा त्याने घेतला नाही. बादशहाच्या आग्रहावरून त्याने मुख्य काझीचे पद स्वीकारले. पुढे विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमानी राज्यांवर स्वारी करणे शास्त्रसंमत आहे काय, असा प्रश्न बादशहाने विचारला तेव्हा अनुकूल निर्णय देण्यास त्याने नकार दिला. तो पदावरून दूर झाला आणि मक्केच्या यात्रेला निघून गेला. बादशहाने स्वाऱ्या केल्याच. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला.

शेख-उल्-इस्लाम हा सुधारक नव्हता. तो त्याच शास्त्राचा, त्याच परंपरेचा निष्ठावंत पंडित होता. यावरून एक भेद स्पष्ट होतो, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा भरकटते. सनातनी श्रद्धा आणि सत्तेच्या सेवेला लागलेली सनातनी श्रद्धा या दोन निराळ्या वस्तू आहेत. शेख बुऱ्हान आणि शेख-उल्-इस्लाम यांची श्रद्धा पहिल्या प्रकारची होती; म्हणून ते बादशहाला ‘नाही’ म्हणू शकले. अब्दुल वहाबाने श्रद्धेचा उपयोग केला; म्हणून त्याला पद मिळाले आणि त्याच्या शब्दाचे मोल गेले. धर्म जेव्हा राज्याचा आधार होतो, तेव्हा राज्यालाच शहाणपण शिकविण्याची त्याची शक्ती प्रथम नष्ट होते.

हा दोष एका धर्माचा, असे समजणे मात्र स्वतःची फसवणूक करणे होय. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांच्या ताब्यात आले. त्या पेशव्यांच्या पुण्यात काय दिसते? श्रावणमासात ब्राह्मणांना लक्षावधी रुपयांची दक्षिणा सरकारी खजिन्यातून वाटली जात होती, आणि तो खजिना सर्व जातींच्या रयतेच्या साऱ्याने भरलेला होता. जातीबाहेर टाकणे, प्रायश्चित्त देणे, कोणत्या जातीने कोणते संस्कार कसे करावेत हे ठरविणे, अशा बाबतींत सरकार हुकूम काढीत होते. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८९९ मध्ये, कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या स्नानप्रसंगी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यावरून जो वाद पेटला तो महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. छत्रपतींच्या घरी कोणते मंत्र म्हणावेत हे पुरोहित ठरवीत होता, आणि त्या पुरोहिताचे वतन छत्रपतींच्या राज्यातून चालत होते. राज्य आणि धर्मसत्ता यांच्यात जी गाठ बुऱ्हाणपुरात बसली होती, तीच येथेही होती. केवळ ग्रंथ आणि वेष निराळे होते. अखेर महाराजांना ते वतन काढून घ्यावे लागले.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हा सर्व अनुभव होता. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचे आणि तिचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांची मर्यादा तेवढी त्याला आहे. त्या मानाने २७ वा अनुच्छेद फारसा चर्चिला जात नाही. ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे तो सांगतो. एक-दोन ओळींचेच हे कलम. परंतु बहादूरपुऱ्यातील सराफाचा जिझिया आणि रयतेच्या साऱ्यातून दिलेली पुण्याची दक्षिणा या दोहोंची आठवण त्याच्या मागे उभी असल्यासारखी वाटते.

कलम लिहिले म्हणून प्रश्न संपत नाही. लोकशाहीत खुतब्याची जागा मतांनी घेतली आहे. आपल्या पंथाचे लोक अमुक बाजूला वळवू, असे सांगणारे धर्मनेते आणि तसे आश्वासन मिळविण्यासाठी त्यांच्या दारी जाणारे राजकीय नेते सर्वच धर्मांत आढळतात. अशा वेळी दोन्ही पक्षांना हा सौदा फायद्याचा वाटतो. परंतु बुऱ्हाणपूरचा अनुभव असा की, या सौद्यात ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नसते, त्या सामान्य नागरिकालाच त्याची किंमत मोजावी लागते. आणि पुढे केव्हातरी सौदा करणारेही सुटत नाहीत. आज दाखला देणारा उद्या अर्ज पाठवितो, आणि परवा दुसऱ्याच कोणाला तोच दाखला देतो.

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील संस्कृत लेख आजही वाचता येतो. ज्या फारुकी राजाने तो कोरविला, त्याचे राज्य कधीच लयाला गेले. पण आपल्या प्रजेला तिच्या भाषेत आणि तिच्या पंचांगाने सांगितलेली त्याची गोष्ट शिल्लक राहिली आहे. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरास वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खुलताबाद येथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तापीपलीकडील झैनाबाद ज्यांच्या नावाने वसले, तेच हे शेख. त्यांच्या सान्निध्यात बादशहाची कबर साधी, उघड्या आकाशाखालची आहे. आयुष्यभर धर्मवेत्त्यांकडून सत्तेसाठी आधार मागणाऱ्या त्या पुरुषाने अखेरीस एका फकिराजवळ केवळ जागा मागितली. धर्मापाशी राज्यकर्त्याने मागावे असे एवढेच असते, हे त्याला पन्नास वर्षांपूर्वी बुऱ्हाणपुरातील एका वृद्ध सूफीने सुचविले होते.